पाचटाचा बांध

रविवारी हैदराबादच्या आबिड्समधली बहुतेक दुकाने बंद असतात आणि त्यांच्या उतरलेल्या शटरांपुढे फूटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. इंजिनिअरिंगची गाइडे, इंग्रजी कादंबऱ्या, उर्दू दिवाण, तेलुगू कथा, मधूनच पुठ्ठा निखळलेले एखादे मराठी पुस्तक. शाळेतले जुने नकाशासंग्रहही तिथे मिळतात. असा एखादा उचलावा, हिंदी महासागराचे पान काढावे आणि मादागास्करच्या उजवीकडे बोट न्यावे. मॉरिशस सापडतो तो छापताना शाई उडाल्यासारखा. देशापेक्षा देशाचे नाव लांब. मालदीवची बेटे तर अनेकदा पानाच्या शिवणीत गेलेली असतात.

मॉरिशसच्या या ठिपक्यात मराठी बोलणारी माणसे पाच-सहा पिढ्या राहत आली आहेत.

२ नोव्हेंबर १८३४ रोजी कलकत्त्याहून निघालेले एक जहाज ३६ मजूर घेऊन पोर्ट लुई बंदराला लागले. जहाजाचे नाव होते ‘ॲटलस’. गुलामगिरी संपत आली होती आणि उसाच्या मळेवाल्यांना हात हवे होते. पुढच्या आठ-नऊ दशकांत साडेचार लाखांच्या आसपास हिंदी माणसे करारावर त्या बेटावर उतरली. त्यांतली बहुतेक बंदरातल्या आप्रवासी घाटाच्या सोळा पायऱ्या चढूनच आत गेली. हा घाट २००६ मध्ये जागतिक वारसा म्हणून नोंदवला गेला. बहुतेक जण बिहारकडचे. मद्रास इलाख्यातूनही पुष्कळ गेले, त्यांत काकिनाड्याजवळच्या कोरिंगा बंदरातून गेलेले तेलुगू लोक होते. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, सावंतवाडी, सातारा, कोल्हापूर या भागांतली माणसे होती. आज तिथल्या सरकारी शाळांत मराठी आणि तेलुगू दोन्ही शिकवल्या जातात, गणेशचतुर्थीला देशभर सुटी असते आणि कोकणातल्या जाखडीची तिथली बहीण ‘झाकरी’ अजून नाचली जाते. घराबाहेर मराठी टिकवणे म्हणजे काय, हे आबिड्सपासून चालत जाण्याइतक्या अंतरावरच्या विवेक वर्धिनी या मराठी शाळेच्या परिसरात वाढलेल्यांना वेगळे सांगावे लागत नाही. म्हणूनच लहान बेटांच्या देशांचा प्रश्न मराठी वाचकाने परका समजू नये. तो नात्यातल्या घराचा आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या यादीत असे ३९ छोटे बेटदेश आहेत: कॅरिबियनमधले, प्रशांत महासागरातले, हिंदी महासागरातले. त्यांचे प्रश्न मोठ्या देशांसारखेच असतील, फक्त आकाराने लहान, असे कुणालाही वाटेल. तसे ते नाहीत. हैदराबादचेच उदाहरण घ्यावे. सप्टेंबर १९०८ मध्ये मुसी नदीला पूर आला आणि हजारो माणसे गेली. त्यानंतर इंजिनिअर विश्वेश्वरय्यांना बोलावले गेले, उस्मानसागर आणि हिमायतसागर ही धरणे बांधली गेली. हे जमले, कारण पूर शहरात आला तरी निजामाचे राज्य मॉरिशसच्या शंभरपट होते. औरंगाबाद, बीड, वरंगल, गुलबर्गा इथला सारा येतच होता. बेटाच्या देशात मुसीचा पूर म्हणजे सगळ्याच देशाला पूर. शेजारचा जिल्हा नाही, दुसरे पीक नाही, मदतीला धावणारे दुसरे शहर नाही.

फेब्रुवारी १९६० मध्ये मॉरिशसने हे अनुभवले. ‘कॅरोल’ नावाचे चक्रीवादळ बेटावरून गेले आणि जवळपास एक लाख घरे-इमारती पडल्या किंवा मोडल्या. तेव्हा तिथली लोकसंख्या सात लाखांच्याही आत होती. उसाच्या पिकाची दाणादाण उडाली, आणि परदेशातून येणारा पैसा जवळजवळ सगळा साखरेचाच होता. माती आणि गवताच्या घरांची जागा काँक्रीटच्या घरांनी घेतली ती या वादळानंतर. आजही मॉरिशसच्या खेड्यात सपाट स्लॅबची चौकोनी घरे ओळीने दिसतात, ती कॅरोलची आठवण म्हणायला हरकत नाही.

पुढच्याच वर्षी, १९६१ मध्ये, ब्रिटिश तज्ज्ञांचे दोन अहवाल आले. एक अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांचा (त्यांना पुढे १९७७ मध्ये नोबेल मिळाले) आणि दुसरा समाजधोरणाचे अभ्यासक रिचर्ड टिटमस यांचा. हिवताप आटोक्यात आल्यापासून मृत्यू घटले होते, एका बाईला सरासरी सहाच्या घरात मुले होत होती, जमीन वाढणार नव्हती आणि ऊस आणखी किती माणसे पोसणार हा प्रश्न होता. मीड यांचे भाकीत निराशेचे होते. त्यात अनेक धर्म, अनेक भाषा, आणि १२ मार्च १९६८ ला स्वातंत्र्य मिळायच्या तोंडावर दंगली. हा देश चालेल, असे पैजेवर सांगणारे फारसे कुणी नव्हते.

तो नुसता चालला नाही, तर आफ्रिकेतल्या सर्वांत सुस्थितीतल्या देशांत गणला जाऊ लागला. याचे श्रेय अनेक जण नशिबाला देतात. नशीब थोडे होतेही, पण धोरण अधिक होते. कुटुंबनियोजनाला सरकारने आणि चर्चनेही आपापल्या पद्धतीने हातभार लावला आणि दहा-बारा वर्षांत जननदर जवळपास निम्म्यावर आला. १९७० मध्ये निर्यातीच्या कारखान्यांसाठी वेगळा कायदा झाला. सदरे शिवणाऱ्या आणि स्वेटर विणणाऱ्या या कारखान्यांत ज्या बायका गेल्या, त्यांच्यातल्या बहुतेकींच्या आयांनी आयुष्यभर उसात खुरपे धरले होते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस या क्षेत्रातल्या नोकऱ्या नव्वद हजारांच्या घरात पोचल्या. १९७५ च्या करारान्वये युरोपने दरवर्षी सुमारे पाच लाख टन साखर बाजारभावाहून चढ्या दराने घेण्याचे कबूल केले. त्या जास्तीच्या पैशाचे काय केले, हे महत्त्वाचे. १९७७ पासून माध्यमिक शिक्षण मोफत झाले. सरकारी दवाखान्यात पैसे लागत नाहीत. म्हातारपणी पेन्शन मिळते, मग आयुष्यभर उसात राबलेला असो की कचेरीत. तेल किंवा सोने नसलेल्या देशाने माणसांवर खर्च केला आणि तोच त्याला तारून गेला.

पण बेटाचा आधार कायमचा नसतो. साखरेचा भाव ब्रसेल्समध्ये ठरत होता, तो ब्रसेल्सनेच २००६ पासून चार वर्षांत ३६ टक्क्यांनी उतरवला. कपड्यांचा जागतिक कोटा २००५ च्या आरंभी संपला आणि मोठमोठ्या देशांचा स्वस्त माल बाजारात आला. हजारो बायकांचे काम गेले. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात अडीचशेवर साखर कारखाने असलेल्या बेटावर आज तीन उरलेत. सांगली-कोल्हापूरचा ऊसवाला दराच्या आंदोलनासाठी निदान मंत्रालयापर्यंत जाऊ शकतो. मॉरिशसच्या ऊसवाल्याचे मंत्रालय दुसऱ्या खंडात होते.

मग देशाने पर्यटन धरले आणि कायदेही विकायला काढले. दुसरी गोष्ट भारतीयांना चांगलीच माहीत आहे. १९८२ च्या दुहेरी करआकारणी टाळण्याच्या करारामुळे मॉरिशसमधून आलेल्या गुंतवणुकीच्या नफ्यावर भारतात कर लागत नसे, आणि तिथे तो नव्हताच. पुढच्या काळात भारतात आलेल्या परकीय थेट गुंतवणुकीचा सर्वांत मोठा झरा कागदोपत्री या ठिपक्यातून वाहत होता. त्यात खरा परदेशी पैसा किती आणि इथूनच जाऊन वळसा घेऊन आलेला किती, यावर वर्षानुवर्षे वाद झाला. मे २०१६ मध्ये करार बदलला आणि १ एप्रिल २०१७ पासून घेतलेल्या शेअर्सवरची सवलत गेली. भारताने आपला महसूल सांभाळला हे योग्यच झाले. तरीही मॉरिशसला केवळ कर बुडवणाऱ्यांचा अड्डा म्हणून मोकळे होणे अन्यायाचे आहे. जमीन थोडी, बाजार थोडा, तेव्हा ज्याच्याकडे फक्त देशपण आहे तो देशपणच बाजारात मांडतो. तुवालू या प्रशांत महासागरातल्या देशाला इंटरनेटवरचे ‘डॉट टीव्ही’ हे नाव योगायोगाने मिळाले आणि त्याचे भाडे सरकारी तिजोरीत मोलाची भर घालते. कॅरिबियनमधला सेंट किट्स १९८४ पासून गुंतवणुकीच्या बदल्यात नागरिकत्व देतो.

आता जुलै २०२०.

महिन्याच्या सुरुवातीला जागतिक बँकेने देशांची नवी प्रतवारी जाहीर केली आणि मॉरिशसला ‘उच्च उत्पन्न’ गटात बसवले. हिशेब आदल्या वर्षाचा होता. २०१९ मध्ये तेरा लाखांहून अधिक पर्यटक आले होते, म्हणजे देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त. प्रत्यक्षात निकाल लागला तेव्हा कोविडमुळे विमानतळ बंद होता आणि हॉटेले रिकामी होती. त्यातच २५ जुलैच्या संध्याकाळी ‘वाकाशिओ’ नावाचे सुमारे ३०० मीटर लांबीचे मालवाहू जहाज आग्नेय किनाऱ्यावर प्वांत देस्नीच्या प्रवाळखडकांवर चढले. मालक जपानी, निशाण पनामाचे, कप्तान भारतीय. जहाज सिंगापूरवरून ब्राझीलला रिकामे चालले होते. मॉरिशसला त्यातून काही यायचे नव्हते की तिथून काही जायचे नव्हते.

टाक्यांत जवळपास चार हजार टन इंधन होते. बारा दिवस जहाज लाटा खात तसेच उभे राहिले आणि ६ ऑगस्टला काळे तेल बाहेर पडू लागले. सुमारे हजार टन सांडले. प्रवाळाच्या कड्याआतला उथळ, हिरवानिळा समुद्र, मागे खारफुटी, शेजारी ब्लू बे सागरी उद्यान. तेल अडवायला लागणारे तरंगते बांध पुरेसे नव्हते. तेव्हा माएबूर आणि आजूबाजूच्या गावांतले लोक शेतांकडे वळले. उसाचे पाचट गाड्या भरभरून आणले. कापडाच्या लांबलचक पिशव्या शिवून त्यांत ते ठासून भरले, बुडू नयेत म्हणून प्लॅस्टिकच्या रिकाम्या बाटल्या बांधल्या, आणि ते जाडजूड दोर पाण्यात सोडले. न्हाव्यांच्या दुकानांतून आणि घराघरांतून केस गोळा झाले, कारण केस तेल धरून ठेवतात. गुडघाभर काळ्या पाण्यात उभे राहून, कोपरापर्यंत माखलेल्या हातांनी बायका-पुरुष-पोरे ते दोर ओढत होती. ज्या उसासाठी त्यांचे पणजे-खापरपणजे करारावर आले, ज्याचे पाचट सोलून-सोलून त्यांच्या बोटांना चिरा पडल्या, तेच पाचट समुद्र वाचवायला उभे राहिले. भारताने ३० टन साहित्य आणि तटरक्षक दलाची तुकडी विमानाने पाठवली. १५ ऑगस्टला जहाजाचे दोन तुकडे झाले.

नुकसानभरपाईत एक फट होती. तेलवाहू टँकरमधून माल सांडला, तर त्यासाठी आंतरराष्ट्रीय निधी आहे. मालवाहू जहाजाचे स्वतःचे इंधन सांडले, तर तो निधी लागू होत नाही आणि मालकाच्या जबाबदारीलाही कमाल मर्यादा असते. कोळ्याच्या जाळ्याला आणि खारफुटीच्या मुळाला चिकटलेले तेल मात्र दोन्हींत सारखेच काळे असते.

त्या वर्षी मॉरिशसचे एकूण उत्पन्न १४ ते १५ टक्क्यांनी घसरले आणि जुलै २०२१ मध्ये बँकेने देशाला पुन्हा खालच्या गटात आणले. एका वर्षात श्रीमंत, एका वर्षात पुन्हा मध्यम. प्रतवारी हा नुसता मान नसतो. स्वस्त कर्ज, अनुदान, सवलत यांची दारे दरडोई उत्पन्न पाहून उघडतात आणि बंद होतात. दरडोई उत्पन्न सांगते ती काल घरात किती आले याची गोष्ट. उद्याच्या एका वादळात काय जाईल, हे ते सांगत नाही. ग्रेनडा या कॅरिबियन देशात २००४ च्या ‘आयव्हन’ वादळाने देशाच्या वर्षभराच्या उत्पन्नाच्या सुमारे दुप्पट नुकसान केले. वर्षभराच्या कमाईच्या दुप्पट घर वाहून गेलेल्या माणसाला ‘तुझा पगार बरा आहे’ म्हणून मदत नाकारावी, तसे हे नियम आहेत. बेटांनी तीस वर्षे हेच सांगितले. शेवटी ऑगस्ट २०२४ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने देशाची असुरक्षितता मोजणारा एक बहुआयामी निर्देशांक मान्य केला. तो वापरायची सक्ती कर्ज देणाऱ्या कुणावरही नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

त्यापेक्षा ग्रेनडाने स्वतः काढलेला मार्ग अधिक कामाचा दिसतो. २०१५ मध्ये कर्जाची फेरमांडणी करताना त्यांनी रोख्यांतच कलम घातले की मोठे वादळ आले तर हप्ते काही काळ थांबतील. जुलै २०२४ मध्ये ‘बेरिल’ वादळाने कॅरिअकू बेट उद्ध्वस्त केले आणि ते कलम लागू झाले. दुष्काळी वर्षात वसुली थांबवण्याची मराठवाड्यातल्या शेतकऱ्याची मागणी जुनीच आहे. त्याला दरवेळी घोषणेची वाट पाहावी लागते, ग्रेनडाने ती करारात लिहून घेतली.

लहान देशाला बाजारातही रांगेत शेवटी उभे राहावे लागते. मॉरिशस आपले बहुतेक अन्न बाहेरून आणतो. ऊस आणि हॉटेले यांनी जमीन घेतली, आणि भात तिथे पूर्वीही फारसा नव्हता. २०२३ मध्ये भारताने बिगरबासमती पांढऱ्या तांदळाच्या निर्यातीवर बंदी घातली, तेव्हा मॉरिशसला खास परवानगीने १४,००० टन देण्याचे ठरले. भारताच्या हिशेबात हा आकडा कुठे दिसणारही नाही. तिथे तो कित्येक घरांच्या ताटातला भात होता, आणि तो मैत्रीवर मिळाला, हक्कावर नाही. मालदीवची राजधानी मालेमध्ये डिसेंबर २०१४ मध्ये खाऱ्या पाण्याचे गोडे करणाऱ्या केंद्राला आग लागली आणि लाखभर लोकांचे पिण्याचे पाणी तुटले. भारताने विमानांनी आणि जहाजांनी पाणी पोचवले. चहूकडे पाणी असलेल्या शहरात.

जमीन थोडी असली तरी या देशांचा समुद्र अफाट आहे. मॉरिशसची जमीन सुमारे २,०४० चौरस किलोमीटर, आणि ज्यावर तो आर्थिक हक्क सांगतो तो समुद्र सुमारे २३ लाख चौरस किलोमीटर, म्हणजे भारताच्या जमिनीच्या दोन तृतीयांशांहून जास्त. त्यात चागोस द्वीपसमूहाचा भाग येतो. स्वातंत्र्य देण्याआधी १९६५ मध्ये ब्रिटनने तो तोडून घेतला, दिएगो गार्सियावर अमेरिकेचा तळ झाला आणि १९७३ पर्यंत तिथल्या सर्व रहिवाशांना बाहेर काढण्यात आले. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये हे तोडणे बेकायदा ठरवले आणि २२ मे २०२५ रोजी सार्वभौमत्व परत देण्याच्या करारावर सह्या झाल्या, तळ मात्र ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर ठेवून. एवढ्या समुद्रावर पहारा ठेवायला बोटी, विमाने, माणसे लागतात. ती उसनी घ्यावी लागतात, आणि उसने देणाऱ्याचे हेतू सांभाळावे लागतात. उत्तरेकडच्या अगालेगा बेटांवर भारताने बांधलेली धावपट्टी आणि जेट्टी फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. रुग्ण हलवायला तिचा उपयोग होईल, आणि हिंदी महासागरावर नजर ठेवायलाही. दोन्ही खरे आहे आणि दोन्ही उघड बोलले जावे.

हैदराबादपासून समुद्र तीनशे किलोमीटरच्या आसपास दूर. तरीही या महासागरावर रात्रंदिवस डोळा ठेवणारी एक जागा याच शहरात आहे. प्रगतीनगरमधली भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा संस्था, म्हणजे ‘इन्कॉइस’, १९९९ मध्ये सुरू झाली. २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीने मालदीवचे देशाच्या वार्षिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक नुकसान केले, आणि तेव्हा हिंदी महासागरात इशारा द्यायची व्यवस्थाच नव्हती. २००७ मध्ये इथे त्सुनामी इशारा केंद्र उभे राहिले. ऑक्टोबर २०११ पासून ऑस्ट्रेलिया आणि इंडोनेशियाबरोबर हे केंद्र महासागराच्या काठच्या इतर देशांनाही इशारे पुरवते. समुद्रतळावरचे दाबमापक, बंदरांतले भरतीमापक आणि भूकंपमापक यांच्या नोंदी इथे येतात आणि काही मिनिटांत निर्णय करावा लागतो. त्सुनामी क्वचितची. लाटांचा अंदाज मात्र रोजचा, आणि बेटांना त्याचे मोल फार. मे २००७ मध्ये आफ्रिकेच्या दक्षिणेकडे उठलेल्या वादळाच्या लाटा हजारो किलोमीटर चालून मालदीवच्या अनेक बेटांत शिरल्या, तेव्हा तिथे आभाळ फाटले नव्हते. केरळचे कोळी अशा न सांगता येणाऱ्या समुद्राला ‘कल्लक्कडल’ म्हणतात, चोरसमुद्र. त्या चोराचा माग आता काही दिवस आधी काढता येतो, आणि तो काढणाऱ्या खोल्या दख्खनच्या खडकावर आहेत.

मॉरिशसच्या सरकारपुढे आज ज्या फायली आहेत, त्यांत समुद्राइतकेच म्हातारपण आहे. ज्या देशाला लोकसंख्येच्या स्फोटाची भीती घातली गेली, तिथला जननदर आता दीडच्याही खाली आहे. तरुण कॅनडा, ऑस्ट्रेलिया, फ्रान्सकडे जातात. कपड्यांच्या कारखान्यांत बांगलादेशातून करारावर आणलेले कामगार बसतात. गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर आलेल्या मजुरांच्या, नातवंडांच्या देशात पुन्हा करारावरचे मजूर, तेव्हा त्यांच्या खोल्या आणि त्यांचे पासपोर्ट कुणाच्या ताब्यात आहेत, हे त्या देशाने इतर कुणाहीपेक्षा जास्त काळजीने पाहायला हवे. जून २०२५ च्या अर्थसंकल्पात सरकारने पेन्शनचे वय ६० वरून टप्प्याटप्प्याने ६५ वर नेण्याचे जाहीर केले आणि लोक रस्त्यावर उतरले. देशाने आपल्या लोकांना दिलेला सर्वांत जुना शब्द आकडेमोडीत सापडला होता.

किनाऱ्यावर वेगळी आकडेमोड चालू आहे. मॉरिशसच्या पुळणींवर कोकणासारखीच सुरूची झाडे लावलेली आहेत. कित्येक ठिकाणी वाळू खालून निघून गेली आहे आणि मुळे हवेत लोंबताना दिसतात. संयुक्त राष्ट्रांच्या अनुकूलन निधीतून २०१२ पासून काही गावे निवडून कामे झाली. दक्षिणेच्या रिव्हिएर दे गाले गावापुढे भिंत, पूर्वेच्या कात्र सेर गावासाठी उंचावर आसऱ्याची इमारत. एक भिंत एका गावापुरती असते आणि मुख्य बेटाचा किनारा तीनशे किलोमीटरहून लांब आहे.

हेन्रिएटा गावात १८९६ पासून गणपती बसतो, असे तिथली मराठी मंडळी सांगतात. चतुर्थीच्या दुसऱ्या दिवशी बहुतेक मूर्ती गाड्यांवरून, ढोलकी-झांजांच्या गजरात, किनाऱ्याकडे निघतात. वाटेत दोन्ही बाजूंना ऊस उभा असतो, कारण सप्टेंबर म्हणजे तिथे तोडणीचा हंगाम. पुळणीवर गाडी थांबते, उघड्या पडलेल्या मुळांवरून पाय टाकत माणसे मूर्ती खाली उतरवतात आणि पुढच्या वर्षी लवकर येण्याचे बोलावणे देत पाण्यात शिरतात.